टायरच्या नक्षीचं डिझाइन रजिस्टर होतं का? आणि स्टेटसला टाकून झाल्यावर?

वरचा प्रश्न लांब आहे, म्हणून ज्यांनी पूर्ण वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. हे भाऊ सांगलीकडचे, प्रीक्युअर्ड ट्रेड रबर बनवतात (ट्रेड म्हणजे टायरचा रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग), म्हणजे कोल्ड रिमोल्डला, झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवतात त्याला, जो तयार नक्षीचा पट्टा लागतो तो. ट्रकचे नेहमीचे पॅटर्न आहेतच, पण गेल्या सीझनला ऊस ट्रॉलीसाठी स्वतःचं एक नवीन पॅटर्न काढलं: मधे नागमोडी रिब (टायरभर लांबीत जाणारी उंच पट्टी), दोन्ही खांद्यांवर म्हणजे कडांना ब्लॉक (रबराचे सुटे उंच ठोकळे), आणि त्या ब्लॉकमधे उसाच्या पानासारखी तिरकी निमुळती खाच. मोल्ड बाहेरून करून घेतला, पट्टा निघाल्यावर व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकला, डीलरच्या ग्रुपवर टाकला, आणि आता शेजारच्या तालुक्यातला एकजण जवळपास तसंच पॅटर्न विकतोय. विचारणं असं आहे की याचं पेटंट कसं घ्यायचं, आणि त्यांचे सीए म्हणतात की टायरची नक्षी ही कामाची गोष्ट आहे, शोभेची नाही, त्यामुळे तिचं काहीच रजिस्टर होत नाही, हे खरं का.

मी आधी बरीच वर्षं टायरच्या ट्रेड आणि मोल्डच्या ड्रॉइंगवर काम केलंय, नंतर पेटंट एजंटची परीक्षा दिली आणि आता पुण्यात बसून बहुतेक छोट्या कारखानदारांच्या डिझाइन फायली करतो. त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात, नक्षी काढणाऱ्याची पण आणि ती कागदावर टिकवणाऱ्याची पण.

पहिली गोष्ट, पेटंट हा शब्द तुमच्या केसमधून काढून टाका. आपल्याकडे पेटंट मिळतं ते एखादी गोष्ट नव्या पद्धतीने काम करते म्हणून, २० वर्षांसाठी, आणि त्यासाठी ती कशी चालते हे शब्दात लिहून सिद्ध करावं लागतं. गोष्ट दिसते कशी याच्यासाठी वेगळा कायदा आहे, डिझाइन्स अ‍ॅक्ट २०००. अमेरिकेत यालाच डिझाइन पेटंट म्हणतात, तिथे टायर कंपन्यांची अशी हजारोंनी पेटंटं आहेत, एका ओळीचा दावा आणि बाकी सगळी चित्रं, म्हणून नेटवर शोधलं की "टायर ट्रेडचं पेटंट" असं दिसतं आणि माणूस गोंधळतो. आपल्याकडे ते डिझाइन रजिस्ट्रेशन. आधी १० वर्षं, आणि ती संपायच्या आत फी भरली तर अजून ५, म्हणजे एकूण १५.

आता सीए साहेबांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे आणि त्या अर्ध्यातच तुमचा खरा प्रश्न आहे. कायद्यातली व्याख्या अशी की आकार, ठेवण, नक्षी, सजावट, रेषा-रंगांची मांडणी, जे तयार वस्तूवर डोळ्याला दिसतं आणि फक्त डोळ्यानेच जोखलं जातं ते डिझाइन, आणि जे मुळात यंत्राचं काम आहे किंवा बांधणीचं तत्त्व आहे ते डिझाइन नाही. आता टायरची नक्षी यातल्या कुठल्या खात्यात टाकायची? खाच पाणी काढते, लगची म्हणजे जाड उंचवट्याची कड मातीत रुतते, रिब गाडी सरळ ठेवते. सगळंच काम. मग शोभा कुठेय?

याचं उत्तर मी नेहमी जुन्या टायरवरून देतो. सुरुवातीचे हवेचे टायर गुळगुळीतच असायचे. मोटारीसाठी नक्षीवाला टायर कॉन्टिनेंटलने १९०४ च्या सुमाराला आणला. त्यानंतर अमेरिकेत फायरस्टोनने १९०८ मधे जो 'नॉन स्किड' टायर काढला त्याची नक्षी काय होती माहितीये? फायरस्टोन नॉन स्किड हे शब्दच, तिरक्या उठावदार अक्षरात, पूर्ण टायरभर. अक्षरांच्या कडा रस्त्याला धरायच्या आणि ओल्या मातीतून गाडी गेली की मागे जाहिरात छापली जायची. त्याच काळात गुडइयरने चौकटच्या चौकोनांची नक्षी आणली, पेनसिल्व्हेनिया रबर कंपनीने वाट्या वाट्या असलेला 'व्हॅक्यूम कप' टायर काढला. काम तिघांचं एकच, गाडी घसरू नये. पण दिसायला तिन्ही टायर इतके वेगळे की लांबून ओळखू यावेत. म्हणजे कामाने एवढंच ठरवलं की कडा पाहिजेत आणि खाचा पाहिजेत. अक्षरं काढायची, चौकोन काढायचे की वाट्या, हे कुणीतरी बसून आवडीने ठरवलं. ते जे आवडीने ठरवलेलं असतं ना, ते डिझाइन.

कोर्टसुद्धा साधारण याच वाटेने जातं. २०१७ मधे दिल्ली हायकोर्टात अपोलो टायर्स विरुद्ध पायोनियर ट्रेडिंग म्हणून केस झाली, अपोलोच्या 'एन्ड्युरेस एलडी' या ट्रक टायरच्या नक्षीसारखी नक्षी असलेले टायर पायोनियरवाले बाहेरून आणून विकत होते. समोरच्यांचा मुद्दा तुमच्या सीएंसारखाच होता की नक्षी ही कामाची गोष्ट, त्यावर कुणाची मालकी कशी. कोर्टाचा कल असा राहिला की ट्रेड असणं हे कामाचं आहे, पण तेच काम असंख्य वेगवेगळ्या नक्ष्यांनी होऊ शकतं, त्यामुळे एका कंपनीची विशिष्ट नक्षी ही तिची ओळख होऊ शकते. ती केस मुख्यतः पासिंग ऑफची, म्हणजे बाजारात कमावलेल्या ओळखीवरची, त्यामुळे ती जशीच्या तशी तुम्हाला लागू नाही. अपोलोकडे दाखवायला वर्षानुवर्षांचा खप होता, तुमचं पॅटर्न एका सीझनचं आहे. पण "काम करतं म्हणून डिझाइन नाहीच" हा युक्तिवाद टायरच्या बाबतीत सरसकट चालत नाही एवढं त्यातून घ्या.

आता तुमच्या पॅटर्नकडे येऊ. फोटोवरून सांगतोय, पट्टा हातात घेतलेला नाही, त्यामुळे थोडं इकडेतिकडे होऊ शकतं.

मधली नागमोडी रिब. ही तुमची नाही, माझी नाही, कुणाचीच नाही, ट्रकच्या पुढच्या टायरला ही दशकानुदशकं आहे. तिच्यावर भार टाकू नका. खाचेच्या तळाशी जे बारके उंचवटे दिसतायत ते खडे अडकू नयेत म्हणून, ते शुद्ध काम. ट्रेड झिजल्याची खूण म्हणून खाचेत जी आडवी पट्टी असते (ट्रक-कारला १.६ मिमी, दुचाकीला ०.८ मिमी) ती तर नियमातली गोष्ट, तिच्यात डिझाइन शोधायचंच नाही. ब्लॉकच्या भिंतींचा उतार मोल्डमधून रबर सुटावं म्हणून ठेवलेला, तोही गेला. कारच्या टायरला ब्लॉकची लांबी मुद्दाम कमीजास्त ठेवतात, आवाज एकाच सुरात येऊ नये म्हणून, तुमच्या ट्रॉलीला त्याची काही गरज नाही आणि तुम्ही ठेवलेलीही नाही, सगळे ब्लॉक सारखे आहेत.

मग उरलं काय? खांद्यावरचे ब्लॉक आणि त्यातली पानाची खाच. आणि इथे गंमत आहे. ट्रॉलीचं चाक ओढलं जातं, ते स्वतः ओढत नाही. इंजिनाची ताकद त्याच्यापर्यंत येतच नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला ४५ अंशातले उंच लग लागतात कारण ते माती मागे ढकलून पुढे जातात, ट्रॉलीला त्याचा उपयोग नाही. ट्रॉलीला पाहिजे काय, तर फिरायला हलकं, झीज एकसारखी, आणि फडातनं भरून निघताना ओल्या काळ्या रानात बाजूला सरकू नये. बाजूला सरकणं अडवतात लांबीच्या दिशेने जाणाऱ्या कडा, म्हणजे रिब. आणि चाक रुतणं थांबवायला नक्षीपेक्षा टायरची रुंदी आणि हवा जास्त बोलते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. म्हणजे तुमची पानाची खाच ट्रॉलीवर खरं तर फार काही करत नाही!

वाईट वाटून घेऊ नका, डिझाइनच्या कायद्यात ही फार चांगली बातमी आहे. ती खाच तशी का आहे याचं प्रामाणिक उत्तर "ऊसवाल्याला बघताक्षणी आपली वाटावी म्हणून" असं असेल तर ती फक्त डोळ्यासाठी आहे. आणि नेमकं हेच तुमच्या डीलरच्या मेसेजमधे तुम्ही उलटं लिहिलंय. "पानाच्या खास कटमुळे चिखल झटक्यात बाहेर" असं वाक्य आहे तिथे. उद्या केस झाली तर समोरचा वकील तेवढं एक वाक्य छापून कोर्टापुढे ठेवेल की बघा, हे स्वतःच म्हणतायत ही खाच चिखल काढायला आहे, म्हणजे यांत्रिक काम. मार्केटिंगवाल्यांना हे पटत नाही, मला माहितीये, त्यांना प्रत्येक रेषेचा फायदा सांगायचा असतो. पण ज्या रेषेवर हक्क सांगायचा तिचे गुण गाऊ नयेत. रबराचे गुण गा, झिजेचे गा, किलोमीटरचे गा.

आता अवघड भाग. स्टेटस.

आपल्या कायद्यात डिझाइन नवीन पाहिजे, म्हणजे अर्जाच्या तारखेआधी ते भारतात किंवा बाहेर कुठेही लोकांसमोर आलेलं नको. अमेरिकेत, युरोपात स्वतःच दाखवलं असेल तर १२ महिन्यांची सवलत आहे, आपल्याकडे अशी सरसकट सवलत नाही. प्रदर्शनासाठी एक कलम आहे, २१, पण ते सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतं, त्यातही आधी कंट्रोलरला (डिझाइन ऑफिसच्या प्रमुखाला) नोटीस द्यायची आणि दाखवल्यापासून ६ महिन्यांत अर्ज करायचा. तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात स्टॉल लावला आणि मग आठवलं, याला ते लागू होत नाही. विश्वासाने एखाद्याला दाखवलं आणि त्याने फोडलं तर कलम १६ मधे संरक्षण आहे. म्हणजे तुम्ही एका डीलरला बोलावून "हे अजून बाहेर काढू नका" म्हणून दाखवलं असतं, शक्यतो लिहून, तर वाद घालता आला असता. पण स्टेटस सगळ्या काँटॅक्टना दिसतो, त्यात गिऱ्हाईकं, स्पर्धक, मेहुणे सगळे आले, आणि डीलर ग्रुपवर तर तुम्ही खाली रेट टाकलाय. आणि विक्रीही सुरू झाली. माझ्या मते हे जे मूळ पॅटर्न आहे त्याचं नावीन्य गेलं. अर्ज केला तर कदाचित सर्टिफिकेट येईलही, कारण तपासणारा तुमचा स्टेटस बघायला येत नाही, पण ज्या दिवशी तुम्ही दावा लावाल त्या दिवशी समोरचा तोच व्हिडिओ काढून दाखवेल आणि नोंदणी रद्द करायला मागेल. डिझाइनच्या दाव्यात रद्द करण्याची सगळी कारणं बचाव म्हणून वापरता येतात. त्यामुळे भिंतीवर लावायला कागद मिळेल, लढायला नाही. मी अशी फाईल घेत नाही, दुसरे घेतील.

पण तोच व्हिडिओ तुमच्या बाजूनेही चालतो, हे कुणी सांगत नाही. या धंद्यात असं होतं की नक्कल करणाराच आधी जाऊन आपल्या नावाने डिझाइन रजिस्टर करतो आणि मूळ माणसालाच नोटीस पाठवतो. तसं झालं तर तुमचा स्टेटस, ग्रुपवरचा मेसेज, मोल्डची ऑर्डर, पहिलं बिल, हे सगळं तारखेसकट म्हणजे त्याची नोंदणी कलम १९ खाली रद्द करून घ्यायचा पुरावा आहे. म्हणून ते डिलीट करू नका. स्टेटस तर २४ तासांत गेला असेल, पण मूळ व्हिडिओ फोनमधे असेल, ज्यांनी बघितला त्यांचे रिप्लाय असतील, ग्रुपचं चॅट असेल. तो फोन बदलायच्या आधी सगळं नीट काढून ठेवा. म्हणजे आत्ताची परिस्थिती अशी की या पॅटर्नवर तुम्ही त्याला थांबवू शकत नाही, पण तोही तुम्हाला थांबवू शकत नाही.

बरं, मग पुढे काय करायचं? माझा सल्ला, याच कल्पनेची पुढची आवृत्ती काढा आणि ती कुणालाही दाखवायच्या आधी अर्ज करा. पण "पुढची आवृत्ती" म्हणजे खाचेचा कोन ५ अंशाने बदलला असं नाही. कायद्याची भाषा अशी आहे की आधी माहीत असलेल्या डिझाइनपासून किंवा त्यांच्या मिश्रणापासून ठळकपणे वेगळं पाहिजे. आणि आधी माहीत असलेल्यात आता तुमचं स्वतःचं जुनं पॅटर्नही आलं. म्हणजे त्याच्यापुढे ठेवलं तर गिऱ्हाईक म्हणालं पाहिजे की हे दुसरं आहे. पान ठेवायचं असेल तर ठेवा, पण मांडणी बदला: दोन्ही खांद्यांवर समोरासमोर ऐवजी एकाआड एक, पानाची शीर मधल्या रिबपर्यंत आणून तिला तोडणारी, असं काहीतरी ज्याने पूर्ण टायरची छाप बदलते. डिझाइन पूर्ण वस्तूकडे बघून जोखतात, भिंग लावून एका खाचेकडे नाही.

काढायच्या आधी शोध घ्या. आपल्या पेटंट ऑफिसच्या साइटवर डिझाइन सर्च फुकट आहे, वर्ग १२-१५ टाका, तो टायर आणि चाकाच्या घसरणरोधक साखळ्यांचा वर्ग. मोठ्या कंपन्यांच्या नोंदी रग्गड दिसतील. आणि हे करताना एक गोष्ट मन घट्ट करून तपासा, तुमची बाकीची जी ट्रकची पॅटर्न आहेत ती कुणाची उतरवलेली तर नाहीत ना. रिमोल्ड लाइनमधे गिऱ्हाईक कंपनीच्या टायरसारखीच नक्षी मागतं, मोल्डवालाही "हे अमक्यासारखं" म्हणूनच दाखवतो, आणि सगळे करतात म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण नोंदणी चालू असेल तर नक्कल बनवणारा आणि नक्कल विकणारा दोघंही त्यात येतात. तुम्ही शेजाऱ्यावर केस टाकायला निघालात आणि तुमच्याच गोडाऊनमधे कुणाची तरी नक्षी सापडली असं नको व्हायला.

अर्जात वस्तूचं नाव काय लिहायचं यावर बरेचजण अडकतात. आपल्याकडे डिझाइन एका वस्तूचं असतं, आणि ती वस्तू स्वतंत्रपणे बनवून विकता आली पाहिजे. टायर कंपनी "टायर" म्हणून नोंदवते कारण तिचा ट्रेड वेगळा विकला जात नाही. अमेरिकेत टायरची बाजू तुटक रेषेत काढून "हा भाग आमच्या दाव्यात नाही" म्हणता येतं, तसं इथे पूर्ण चालत नाही. पण तुमचा पट्टा तर स्वतंत्रच विकला जातो! त्यामुळे तुमची वस्तू "टायरसाठी प्रीक्युअर्ड ट्रेड" आणि ती स्वतःच पूर्ण आहे. याबाबतीत तुमची जागा टायर कंपनीपेक्षा सरळ आहे. डिझाइन वस्तूला कसं चिकटलेलं असतं हे बघायचं तर २००८ ची सुप्रीम कोर्टाची भारत ग्लास ट्यूब विरुद्ध गोपाल ग्लास वर्क्स केस बघा. काचेवरची नक्षी जर्मनीत बनलेल्या रोलरने उठवलेली, समोरचे म्हणाले रोलर आधीपासूनच होता, कोर्ट म्हणालं रोलर असेल, पण ती नक्षी काचेवर आधी आलेली होती हे तुम्ही दाखवलं नाही, नोंदणी कायम. तुमच्या भाषेत सांगायचं तर मोल्ड वेगळा आणि पट्टा वेगळा.

आता चित्रं, कारण माझ्या अनुभवात अर्ध्या फायली इथेच कमजोर होतात. काळ्या रबराचा फोटो काढला की त्यात खाच आणि ब्लॉक दोन्ही काळेच दिसतात, खोली कळतच नाही. मोल्डच्या शॉपमधे जुनी युक्ती आहे, पट्ट्यावर खडूची पावडर चोळायची आणि वरवर पुसायची, खाचेत पांढरं राहतं आणि कडा उठून दिसतात. त्यापेक्षा चांगलं म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून करड्या रंगात, एका बाजूने उजेड टाकून चित्रं काढा. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, दोन्ही टोकांकडून, आणि एक तिरकस. नक्षी ज्या अंतराने पुन्हा येते तो पूर्ण तुकडा कमीत कमी दोनदा दिसला पाहिजे, नाहीतर पुढे वाद होतो की हे पुढे कसं चालू राहतं. चित्रावर कंपनीचं नाव, साइज, बाण, मापं काही नको. सगळ्या चित्रांत ब्लॉकची संख्या जुळते का मोजा, हसू नका, न जुळणारी चित्रं मी रिजेक्शनसकट बघितलीत.

खाली एक वाक्य लिहायचं असतं, नावीन्य कशात आहे याचं. ते छोटं ठेवा, "चित्रात दाखवल्याप्रमाणे ट्रेडच्या पृष्ठभागावरील नक्षी आणि ठेवण" एवढ्या अर्थाचं. त्यात "उत्तम पकड", "चिखल निचरा", "कमी झीज" यातलं अक्षर नको, आणि यांत्रिक कार्यावर किंवा अक्षरांवर दावा नाही हे खाली सांगायचं.

खर्च. सरकारी फी व्यक्ती, स्टार्टअप किंवा छोट्या उद्योगाला ₹१,००० आणि इतरांना ₹४,०००. छोट्या उद्योगाची फी लावायची तर उद्यमचं सर्टिफिकेट जोडावं लागतं. अर्ज ऑनलाइन होतो, डिझाइनचं काम कोलकात्याच्या ऑफिसला चालतं. तपासणीत हरकत आली तर उत्तर देऊन अर्ज दाखल केल्यापासून ६ महिन्यांत सगळं मार्गी लावायचं, मुदत वाढवून मिळाली तर अजून ३. एजंटची फी ज्याची त्याची वेगळी, पण मोल्डला तुम्ही जेवढे घातलेत त्याच्यापुढे ती काहीच नाही. स्वतः भरता येतो का? येतो. चित्रं मात्र कुणाला तरी दाखवून घ्या.

एक मुद्दा तुम्ही विचारला नाहीत पण मला जास्त काळजी त्याचीच वाटते. शेजाऱ्याकडे तुमच्यासारखं पॅटर्न एका सीझनच्या आत आलं कसं? पट्टा बघून, मापं घेऊन, ड्रॉइंग करून, मोल्ड पाडून बाजारात यायला वेळ लागतो. अ‍ॅल्युमिनियमचा मोल्ड असला तरी लागतो. मी कुणावर आरोप करत नाहीये, पण या लाइनमधे ड्रॉइंग बहुतेक वेळा मोल्डवाल्याच्या कॉम्प्युटरवर असतं आणि त्याच्याशी लेखी काहीच नसतं. कायदा म्हणतो की पैसे देऊन दुसऱ्याकडून डिझाइन करून घेतलं तर मालक तुम्ही, करणारा नाही. पण ते सिद्ध करायला ऑर्डरवर तसं लिहिलेलं पाहिजे: डिझाइन आमचं, ड्रॉइंगची फाईल आम्हाला द्यायची, हा मोल्ड किंवा असा दुसरा मोल्ड कुणाला द्यायचा नाही. पुढच्या वेळी अ‍ॅडव्हान्स देण्याआधी यावर सही घ्या. काहीजण म्हणतात ड्रॉइंगवर कॉपीराइट आहेच की. आहे, पण जे डिझाइन रजिस्टर होण्यासारखं आहे आणि केलेलं नाही, त्याची वस्तू कारखान्यात ५० पेक्षा जास्त वेळा निघाली की तो कॉपीराइट संपतो. तुमचे तेवढे पट्टे पहिल्या आठवड्यातच निघाले असतील.

नोंदणीचा नंबर मिळाला की मालावर तो टाका, "रजिस्टर्ड" किंवा त्याचं छोटं रूप आणि पुढे नंबर. पट्ट्याच्या कडेला मोल्डमधेच कोरून घ्या म्हणजे रोज आठवण ठेवायला नको. हे केलं नसेल तर भरपाई मागताना अडचण येते.

आणि दावा लावायची वेळ आलीच तर? कलम २२ खाली ठरीव रकमेचा मार्ग घेतला तर एका उल्लंघनाला ₹२५,००० पर्यंत आणि एका डिझाइनमागे एकूण ₹५०,००० च्या वर नाही, त्यात वकिलाचा प्रवास निघेल. म्हणून शहाणे लोक दुसरा मार्ग घेतात, मनाई हुकूम आणि प्रत्यक्ष नुकसानभरपाई. दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही, आणि समोरच्याने "ही नोंदणीच रद्द करण्यासारखी आहे" असा बचाव घेतला की प्रकरण हायकोर्टात जातं. तो बचाव जवळपास प्रत्येकजण घेतो. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय ही सांगलीवाल्यांना त्यातल्या त्यात सोय.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की मग करावं का नाही. ते पॅटर्न किती वर्षं चालवणार यावर आहे. ट्रॉलीचं पॅटर्न गिऱ्हाईकाच्या डोळ्यात बसलं तर दहा-दहा वर्षं तेच मागतात, तिथे नोंदणी करा. दर सीझनला बदलायचं असेल, किंवा गिऱ्हाईक फक्त किलोचा भाव बघत असेल, तर तेवढे पैसे कुशन गमच्या (पट्टा जुन्या टायरला चिकटवणाऱ्या रबराच्या थराच्या) क्वालिटीवर घाला. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मी हा दुसरा सल्लाच देतो.

शेवटी तुम्ही पॅटर्नला जे नाव दिलंय त्याचं विचारलं होतं. ते डिझाइनमधे येत नाही, त्याचा ट्रेडमार्क घ्यायचा, वर्ग १२, रिमोल्डचे ट्रेडही त्याच वर्गात बसतात. ऑनलाइन फी व्यक्ती आणि छोट्या उद्योगाला ₹४,५००. यात मात्र आधी वापरलं म्हणून काही बिघडत नाही, उलट आधीचा वापर कामाला येतो, त्यामुळे स्टेटसवर नाव दिसत असेल तर तो व्हिडिओ इथेही जोडा. पण नाव "ऊस किंग" सारखं मालाचं वर्णनच करणारं असेल तर हरकत येणार. नाव इथे लिहू नका, सगळे वाचतायत, मेसेज करा.